मिशन कॉलेजचे योसेफ सर

अभ्यासक्रम संपला की योसेफ सर खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "चला, परीक्षेचं झालं. आता शिकायला लागू." मग खिडकीबाहेर पिवळ्या पडलेल्या करडईकडे बघत विचारायचे, "माणसाला पुरे कधी वाटतं?" तास संपायचा, आमचा वाद संपत नसे.

उदगीरच्या अलीकडचं आमचं कॉलेज म्हणजे एक दगडी चर्च, त्यामागे पत्र्याचे वर्ग आणि मुलींचं वसतिगृह. सर तिथले प्राचार्य. तत्त्वज्ञानही तेच शिकवायचे. ख्रिस्ती मुलं थोडीच. बाकी आम्ही सगळी आसपासच्या शेतकऱ्यांची.

पहिल्याच वर्षी माझे वडील देवणीहून तावातावानं आले. गावात कुणीतरी त्यांचे कान भरले होते. "तुमी हितं पोरी बाटवायलाव म्हणं. मी माझ्या लेकीला न्यायला आलोय."

सरांचा आवाज मात्र चढला नाही. "न्या की पाटील, लेक तुमचीच हाय. पण सकाळची प्रार्थना सुरू व्हायलीय, तेवढी बघून जावा."

सभागृहात त्यांनी वडिलांना पुढे बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आजची प्रार्थना पाहुणे म्हणतील." मग वडिलांकडे वळून, "घरी म्हणता तीच म्हणा."

वडील गोंधळले. इकडेतिकडे पाहिलं. शेवटी डोळे मिटून त्यांनी खड्या आवाजात खंडोबाचं पद म्हटलं. ते संपेपर्यंत सर क्रुसाखाली हात जोडून उभे होते.

बाहेर आल्यावर वडिलांनी पटका सावरत विचारलं, "सायेब, पोरीच्या जेवणाचं बरं हाय का?"

"वरण लई पातळ असतंय. खोटं कशाला बोलू?"

वडील हसले, आणि एकटेच परत गेले.

पुढे मुलांचा ओढा लातूरच्या शिकवणी वर्गांकडे वाढला. कला शाखा ओस पडत गेली. संस्थेनं ती बंद करायचं ठरवलं, तेव्हा सर निवृत्त झालेले होते. तरी उरलेल्या मुलांना शिकवायला रोज कॉलेजात जायचे. "कशाला दगदग करता?" मी म्हटलं, तर म्हणाले, "उभं पीक सोडून कोण जातं गं?"

वारण्याच्या काही महिने आधी ते नांदेडला, मी शिकवते त्या विद्यापीठात, माझ्या विभागात आले. सोबत एक बुजरी मुलगी होती. "आपल्या कॉलेजातली ही शेवटची," सर म्हणाले. "हिच्यामागं वर्गात कुणी न्हाई. हिला पुढं शिकायचंय." एवढं बोलून ते चष्मा पुसत राहिले.

तिचा प्रवेश झाल्यावर सर माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसले. तास संपल्यावर मी विचारलं, "सर, कसं झालं?"

माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "सावकाश शिकवतीस. आता घाई करणारे लई झालेत. तू सावकाशच शिकव."