चौकोनातला ठिपका

मलकापुरात ब्लाउज शिवणाऱ्या राखीला सदतिसाव्या वर्षी स्वतःच्याच हातांची भीती वाटायला लागली. सुईत दोरा एकदा चुकला तरी ती थबके, बोटं उजेडात धरून बघत बसे.

कारण होता तिचा मोठा भाऊ गोपाल. डोणगावला शेती करणारा, सुपारीही न खाणारा माणूस. चाळिशीत त्याचे हात आपोआप हलायला लागले, मग मान, मग चाल बिघडली. गावाला वाटलं, प्यायला लागला. नागपूरच्या डॉक्टर बाईंनी रक्त तपासून हंटिंग्टन नावाचा आजार सांगितला. मेंदू हळूहळू झिजवणारा, आईबापापैकी एकाकडून येणारा, बरा न होणारा. त्यांनी कागदावर घराणं मांडलं. पुरुष चौकोन, बाई गोल, आजारी तो काळा. काळा फक्त गोपाल होता.

"मागच्या पिढ्यांचं विचारून या," त्या राखीला म्हणाल्या.

आईच्या माहेरी सगळे म्हातारे होऊन गेले, तेही धडधाकट. वडील अर्जुनराव मात्र तिसाव्या वर्षीच अपघातात वारलेले. म्हणून राखी धामणगाव बढ्याला वडिलांच्या बहिणीकडे, ऐंशीच्या सत्यभामाबाईंकडे गेली.

"आत्या, आजोबा कशानं गेले वो?"

म्हातारीनं निवडायच्या भेंड्या बाजूला सारल्या. "लोक म्हनत अंगात येते. हात नाचत, घास तोंडात जाये नाई. आम्हा पोरींचे लग्नं व्हाचे होते, म्हनून मायनं त्याले मागच्या खोलीत ठेवलं. कोनाले सांगू नोका म्हने. आज पयल्यांदा सांगून राह्यली."

आजोबांचा चौकोन काळा झाला. अर्जुनरावांच्या चौकोनात डॉक्टर बाईंनी ठिपका दिला. दोष त्यांच्यात होताच, त्यांच्याकडूनच तो गोपालकडे आला. फक्त दिसायच्या आधी ते गेले. राखीचा गोल कोरा होता.

"मले किती धोका?"

"निम्मा. तुमच्यात निघाला तर तुमच्या लेकीलाही निम्मा. तपासणी आहे, पण करायलाच हवी असं नाही."

चार महिने राखीचं ठरेना. लेक छायाच्या हातून कप सुटला तरी ती तिच्यावर ओरडे आणि मग मोरीत जाऊन रडे. शेवटी तिनं रक्त दिलं. निकालाच्या दिवशी बाई काय बोलल्या ते तिला कळलंच नाही, पुन्हा सांगावं लागलं. तिच्यात दोष नव्हता.

तिथून ती थेट डोणगावला गेली. भावाच्या दारात ती चपला काढत रेंगाळली.

"काय... आलं?" गोपालनं कसंबसं विचारलं.

"मले नाई, दादा."

"मंग... छाया सुटली." तो हसला.

त्याची सोळा वर्षांची लेक प्राची दाराला टेकून उभी होती. "आत्या, माही तपासणी कवा?"

राखीनं तिला जवळ घेतलं. "अठरा पुरे होऊ दे, त्याआधी करत नाईत. मंग तूच ठरवजो. मी येईन संगं."

त्याला आता दोन वर्षं होत आली. येत्या पोळ्याला प्राची अठराची होते. तिनं अजून काही ठरवलेलं नाही. राखी दर रविवारी फोन करते, अभ्यासाचं विचारते, जेवणाचं विचारते. तो विषय दोघीही काढत नाहीत.