शेवटच्या रांगेतली जागा

माझी मावशी अठरा वर्षं विमानाची तिकिटं विकत होती आणि एकदाही विमानात बसली नव्हती. तरी प्रवासाबद्दल तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. गिऱ्हाईक परत आलं की ती त्याला दुकानात बसवून खोदून खोदून विचारायची. विमान टेकल्यावर दार किती मिनिटांनी उघडलं? बॅग कधी मिळाली? गाडीला किती थांबलात? सगळं वहीत उतरायचं. "विमान पंचावन्न मिनिटांत पोचतं हो," ती म्हणायची, "माणूस नाही पोचत."

आमच्या गावाहून मोठ्या हॉस्पिटलचं शहर हवेतून दोनशे नव्वद किलोमीटर, रस्त्याने सात तास. त्या हॉस्पिटलच्या यादीत काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं नाव दोन वर्षं होतं. एका सकाळी साडेनऊला फोन आला. किडनी मिळाली आहे, अडीचच्या आत पोचा, नाहीतर दुसऱ्या पेशंटला देऊ.

आमचा मामा माणूस सोन्यासारखा, पण घाई त्याच्या पाचवीलाच पुजलेली. त्याने मोबाइलवर बारा वीसच्या विमानाची दोन तिकिटं काढली, वर जादा पैसे भरून पहिली रांग घेतली. "ताई, सव्वाला उतरता. अगदी थाटात!"

मावशी उखडलीच. "अरे शहाण्या, ह्या छोट्या विमानाचं दार मागे असतं! पहिल्या रांगेतले सगळ्यात शेवटी उतरतात. त्यात दहा मिनिटं गेली. बॅगेची पंचवीस. गाडी शोधायला दहा. पुढे रस्ता पन्नास मिनिटांचा. तीनला दहा कमी होतात!"

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. मावशीने विमानतळावर फोन करून शेवटची रांग मागून घेतली. तिकडच्या ओळखीच्या ड्रायव्हरला दाराशी उभं राहायला सांगितलं. मी भरत असलेली बॅग तिने माझ्या हातातून ओढून घेतली, औषधं काकांच्या खिशात कोंबली आणि कागद पर्समध्ये टाकले.

"निदान दात घासायचा ब्रश तरी?" काका म्हणाले.

"दात तिथेही घासता येतात. चला!"

विमान दोन मिनिटं उशिरा टेकलं. तरी ही दोघं सगळ्यात आधी खाली उतरली आणि दोन वाजून चौदा मिनिटांनी हॉस्पिटलात शिरली. काकांना लगेच आत नेलं. आज काका सकाळी फिरायला जातात आणि मावशीवर पूर्वीसारखेच खेकसतात.

पण त्या दुपारी बाहेरच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं, शेजारी भरलेली बॅग. काका वेळेत आले नसते तर त्या माणसाला आत घेणार होते. नर्सने त्यांना हळूच सांगितलं, "तुम्ही आता घरी गेलात तरी चालेल." त्याच्या बायकोने बॅग उचलली आणि जाता जाता मावशीला विचारलं, "तुमचे मिस्टर का?"

मावशीने होकारार्थी मान हलवली.

"सांभाळा त्यांना," ती बाई म्हणाली.

मावशी सांगते, काका वाचल्याचा आनंद तिला दुसऱ्या दिवशी झाला. त्या क्षणी तिला चोरी केल्यासारखं वाटलं होतं.