गोड बोलणारी मुकादम

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळं कॉलेजात सांगतील ते खरंच असणार, असं मी धरून चालायचे. धाराशिवला दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर झालं. भर एप्रिलात टाय लावून आलेले सर म्हणाले, "कुणालाही नाही म्हणू नका. गोड बोला, सगळं जमतं." घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, तरी ते हसत होते. मला पटलं.

सुट्टीत गावी, तेरखेड्यात, फटाक्यांच्या कारखान्यावर कामाला लागले. मालकांनी शिबिराचं प्रमाणपत्र पाहिलं. वाचलं नसावं, पण त्याला सोनेरी काठ होता. त्यांनी मला दारू भरणाऱ्या बायकांवर मुकादम केलं. नियम कडक होता: मोबाईल दारातल्या टोपलीत ठेवायचा. आत सापडला, तर त्या दिवशी घरी.

पहिल्या दिवशी मी टोपली धरून उभी राहिले. "काकू, मोबाईल इथं ठेवला तर किती छान होईल!"

आमच्या शेजारच्या काकू थबकल्या. "अगं, लग्नपत्रिका वाचतीस का काय?"

बायका खो-खो हसल्या. "मोबाईल घरीच हाय," काकू म्हणाल्या. कमरेला चांगला फुगवटा दिसत होता. मी म्हणाले, "धन्यवाद."

बारावीनंतर वडील मला घरी बसवणार होते, तेव्हा याच काकूंनी अंगणात येऊन त्यांना झापलं होतं. त्याच काकूंची झडती कशी घेणार? तीन दिवस मी फुगवटा बघितला आणि तीन दिवस धन्यवाद म्हटलं.

चौथ्या दिवशी शेडमध्ये काकूंच्या कमरेतून आरती वाजायला लागली. समोर परातीत दारू. सगळ्यांचे हात जागीच थांबले.

"काकू, बाहेर! आधी बाहेर व्हा!" मी किंचाळले.

त्या पळाल्या, दारातली टोपली उचलून मी मागोमाग. लिंबाखाली त्यांनी फोन बंद केला. "नातवाला ताप हाय गं. सून कळवणार होती."

"तुम्ही मला आधी सांगायचं होतं. मी बाहेरून फोन लावून विचारलं असतं. आज तुम्ही घरी जा."

"मला घरी धाडतीस? मला?"

"व्हय."

दारातून कुणीतरी म्हणालं, "आली गं बया, कलेक्टरीण!"

काकू गेल्या. मला रडू आलं. रडताना टोपली कुठं ठेवायची, हे शिबिरात सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेले. त्या दारात भांडी घासत होत्या.

"माफी मागाया आलीस?"

"पहिल्याच दिवशी अडवलं नाही, त्याची मागते. घरी धाडलं, त्याची न्हाय."

त्यांनी पातेलं फिरवून पुन्हा राख लावली. "आन् पोराचा ताप उतरला का, ते?"

ते मी विचारलंच नव्हतं. काल नाही, आजही नाही.

"लई शिकलीस," म्हणत त्या पदराला हात पुसून उठल्या. "चल, कामाला उशीर व्हतोय."

त्या पुढं, मी मागं. थोडं चालल्यावर मी भीतभीत विचारलं, "उतरला का?"

कारखाना येईपर्यंत त्या सांगत राहिल्या.