एकोणचाळीस अंशांचं फूल

देवगाव रंगारीच्या डोंगरावर शेळ्या चारणारा त्रिंबक पूर्वी बाहेरून येणाऱ्यांशी मोकळेपणाने बोलायचा. पण दोन वर्षांपूर्वी त्याने दाखवलेल्या रानसुरणाच्या दुर्मिळ फुलाची बातमी पेपरात आली. शोध छापला गेला संभाजीनगरच्या कॉलेजातल्या राजेंद्र सरांच्या नावावर, आणि त्रिंबक झाला 'एक स्थानिक गुराखी'. आयुष्यात एक गाय न वळलेल्या माणसाला हे झोंबणारच.

हे फूल उमलताना तापतं आणि मेल्या उंदरासारखं घाण मारतं. त्या वासाने माश्या येतात, बी धरतं. ते असेपर्यंत त्रिंबक शेळ्यांना वळसा घालून नेई. करडाचा ताप कान धरून बघतात, तसा दांड्याला हात लावून तो सांगे, "आज तापलंय."

यंदा एका संध्याकाळी सर उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन आले. मागे सहा विद्यार्थी, नाश्त्याचे डबे आणि बॅनर. त्रिंबकने बोट दाखवलं, "ह्ये इथं हाय, सर. हात लावून बघा."

"हाताला काय कळतंय? मध्ये येऊ नका," सर म्हणाले.

दिवसभर उन्हात भाजलेला कातळ, त्यामुळे पडद्यावर सगळा डोंगरच लाल. सर पडद्यात डोकं खुपसून फिरत राहिले. एवढ्यात झुडपामागे एक झगझगीत ठिपका दिसला.

"एकोणचाळीस अंश," सरांचा आवाज कापरा झाला. "लिहून घ्या. एवढं गरम फूल अजून कोणी पाहिलं नसेल."

विद्यार्थ्यांनी लिहून घेतलं. टाळ्याही वाजल्या.

"सर, ती माझी शेळी बसलीय," त्रिंबक म्हणाला.

शेळी उठली, अंग झाडून चालू लागली. सर दचकून दोन पावलं मागे सरले आणि त्रिंबकने दाखवलेल्या जागीच बुटाखाली काहीतरी कचकन मोडलं. वास मात्र आता खात्रीचा आला.

त्रिंबकने वाकून मोडलेल्या दांड्याला हात लावला. महिनाभर उभं राहिलं असतं तर त्याला बी धरलं असतं.

सरांनी बूट गवताला पुसला आणि पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्रिंबकराव, आणखी एखादं असेल ना? या वेळी तुमचं नाव छापू. फोटोसकट."

होतं की. ओढ्यापलीकडे करवंदीच्या जाळीत, सकाळीच उमललेलं. छापलेलं नाव बायकोला, मनकर्णाबाईला, दाखवावं असं त्याला फार वाटत होतं. त्याने एकदा सरांच्या बुटाकडे पाहिलं.

"नाय बा," तो म्हणाला. "असतं तर तुमच्या कॅमेऱ्यात दिसलं नसतं व्हय?"

आणि घरी जाताना त्याने शेळ्यांना ओढ्याच्या अलीकडूनच लांबचा वळसा घालून नेलं.