मोरनीचं पथ्य

पांढरकवड्याचा देवराव टांगेवाला घोडीशिवाय कोणाशी फारसं बोलायचा नाही. एसटी स्टँडवरून केळापूरच्या देवीला माणसं न्यायची, हा त्याचा धंदा. घोडीचं नाव मोरनी. ठेंगणी, रुंद छातीची, मानेला बाक देऊन चालायची.

एका हिवाळ्यात ती दावं तोडून शेजारच्या खळ्यात शिरली आणि पोट फुटेस्तोवर जवारी खाऊन आली. दुसऱ्या दिवशी पुढचे पाय टेकवेना. दोन्ही पाय पुढं ताणून, सगळा भार मागं टाकून उभी. खूर हाताला तापल्या तव्यासारखे लागत होते.

सरकारी दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर म्हणाले, "दाणा अंगावर आला. रक्त खुरात उतरलं. दाणा बंद, गूळ बंद, कोवळा चारा बंद. वाळलेलं गवत द्या, तेही पाण्यात भिजवून, निथळून. नदीच्या गार गाळात उभी करा. आणि अंगावर मांस चढू देऊ नका. एकदा पाय धरलेलं जनावर पुन्हा धरतं."

देवरावानं सगळं केलं. मोरनी चालायला लागली. पण तेव्हापासून तिच्या तोंडाला मुसकं आलं. गवत द्यायचं तेवढ्यापुरतं निघायचं, की पुन्हा बांधलं. भुकेनं ती खुंटा चघळायची, भिंतीची माती चाटायची.

देवरावाच्या बायकोला, पंचफुलाला हे पाहवत नसे. आईबाप लहानपणीच गेलेले, ती मारेगावात मामाकडे वाढली होती. मामी भाकरीची दुरडी खाटेखाली दडवून वर झोपायची. उपाशी पोटी दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहणं काय असतं, हे तिला ठाऊक होतं.

देवराव नदीवर आंघोळीला गेला, की ती मुसकं सोडून भाकरीचा तुकडा द्यायची. पुढं तुकड्यावर गूळ आला. हंगामात हरभऱ्याचे हिरवे डहाळे आले. घोडीला काहीच झालं नाही. डॉक्टर उगाच भेवडवतात, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. मोरनीची मान भरली, पाठ गोल झाली. देवराव अभिमानानं सांगायचा, "वाळल्या गवतावर पोसून राह्यली पाह्य माही घोडी!"

केळापूरच्या जत्रेत, भरल्या टांग्यासकट मोरनी रस्त्यात बसली.

मन्सूर नालबंदानं पुढचा खूर उचलला आणि लगेच खाली ठेवला. "आतलं हाड तळवा फोडून बाहेर आलं, देवराव. आता इलाज नाही. डाक्टरले बलाव, गोळी घालू दे. तिचे हाल नको करू."

"गवतानं असं होते का?"

"गवतानं नाही होत."

घरी पंचफुला स्वतःच बोलली, "मी देत होती जी. भाकर, गूळ. मले तिची भूक पाहवत नव्हती."

आता तो हाणणार, म्हणून शेजारपाजारचे धावले. देवरावानं हात उचलला नाही. बैलगाडीतून आणलेली मोरनी त्यानं स्वयंपाकघराच्या दारासमोर टाकायला लावली.

"गोळी नाही घालाची," तो म्हणाला. "तुनं चारलं नं? आता तूच पाह्य."

मोरनी पडून राहिली. एका कुशीची कातडी सोलवटली, जखमांवर कावळे उतरू लागले. उठायला गेली, की खुरातून रक्त यायचं आणि ती माणसासारखी कण्हायची. पंचफुला आत गेली, की देवराव दंडाला धरून तिला बाहेर आणून बसवायचा.

शेजारची रुखमाबाई म्हणाली, "काहून असा करतं रे? मुक्या जनावराचा काय गुन्हा?"

"गुन्हा हिचा हाये," देवराव म्हणाला, आणि घोडीकडं न बघता निघून गेला.

तो कामाच्या शोधात यवतमाळला गेला, त्या दिवशी पंचफुलानं दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "मालकाची परवानगी आहे?"

"मालक नाही म्हणते. म्हणूनच आली, साहेब."

डॉक्टर बंदूक घेऊन आले. घोडी पाहिल्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही. "काय खायला द्यायचं ते देऊन घ्या," एवढंच म्हणाले. पंचफुलानं गुळाचा खडा पुढं केला. मोरनीनं तोंड फिरवलं.

देवराव परतला तेव्हा दारासमोरची जागा झाडून ठेवलेली होती. त्यानं हातपाय धुतले आणि कोपऱ्यात तीन दगड मांडून स्वतःपुरता भात टाकला.

त्यानंतर त्यानं पंचफुलाच्या हातचं कधी खाल्लं नाही. टांगा विकला, कापसाच्या जिनिंगवर चौकीदारी धरली. तीही तिथंच सरकी वेचायला जायची. एका घरात दोन चुली पेटत राहिल्या, सणावारालाही.

काही वर्षांनी तो तापानं अंथरुणाला खिळला. हात उठेना, चूल पेटेना. पंचफुलानं पेज करून वाटी त्याच्या ओठाला लावली. देवरावानं दात आवळले. पेज हनुवटीवरून गळ्यात उतरली.

"खा नं जी," ती म्हणाली. "मेल्यावर कोणावर रागावान?"

रुखमाबाईनं पाजलं तर तो प्यायचा. पण रुखमाबाई लेकीकडे गेली, आणि ती यायच्या आत देवराव गेला.

लोक म्हणाले, तापानं गेला.  तेरावं झाल्यावर पंचफुलानं ते तीन दगड उचलून उकिरड्यावर टाकले, जागा सारवली आणि सरकी वेचायला गेली.