मागच्या सीटवरचा शूर मुलगा

ही गोष्ट खरी कशी घडली ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, मित्रांना तर नाहीच. खोटी मात्र पुष्कळदा सांगितली आहे — इतकी, की आता सांगताना जीभ अडखळतसुद्धा नाही. अगदी मागच्या आठवड्यातही सांगितली. म्हणून हे लिहायला बसलो.

मी सौदीत, थुवालला विद्यापीठात शिकतो. आमचा एक वाचनगट आहे. कुणीतरी खजूर आणतं, कुणीतरी कॉफी, आणि वाचलेल्या पुस्तकांवर गप्पा होतात. या वेळी ठरलं होतं की प्रत्येकाने एक शूर माणूस सांगायचा — पुस्तकातला चालेल, आयुष्यातला असेल तर उत्तम. कुणी सैनिक सांगितला, कुणी आपली आजी सांगितली. माझी पाळी आली आणि मी — मी स्वतःलाच सांगितलं. अर्थात नम्रपणे, मान खाली घालून. नम्र कसं व्हायचं ते मला चांगलं जमतं, सराव आहे. शेजारी लाहोरचा एक मुलगा बसला होता. त्याचे डोळे भरून आले. ‘माशाअल्लाह, भाई,’ म्हणत त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला सोसला नाही. पोट बिघडल्याचं सांगून मी खोलीवर निघून आलो.

आधी खोटी गोष्ट सांगतो. सगळ्यांना हीच माहीत आहे.

मी शाळेत होतो तेव्हा आम्ही अल खफजीला राहायचो, कुवेतच्या सीमेजवळ. बाबा नाशिकचे, इंजिनियर. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर त्यांची ड्युटी, त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस घरी आई आणि मी. आईला साखरेचा त्रास होता, आणि तिची संकष्टी कधी चुकायची नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की सकाळची गोळी बुडवायची नाही. आजीने बजावलं होतं की चंद्र दिसल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. आई आज्ञाधारक. एका संकष्टीला तिने दोघांचंही ऐकलं — गोळी घेतली आणि दिवसभर कोऱ्या चहावर राहिली. त्या दिवशी बाहेर धुळीचं वादळ होतं. दिवेलागणीला ती ओट्यापाशी उभी असताना घामाने थबथबली, काहीतरी असंबद्ध बोलायला लागली आणि खाली बसली ती उठेचना.

मग काय झालं? मग म्हणे मी — आठवीतला चिन्मय — ओळखलं की साखर उतरली आहे. डब्यातली साखर बोटाने तिच्या गालात लावली. अँब्युलन्सला फोन केला, वादळामुळे उशीर होईल असं कळलं, तसा धुळीत रस्त्यावर धावलो, हात करून एक गाडी थांबवली. कुणी केरळी गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला हॉस्पिटलात सोडलं आणि नावही न सांगता निघून गेले. आई वाचली.

गोष्ट चांगली आहे, नाही? त्यात एक शूर मुलगा आहे, एक निनावी देवमाणूस आहे. फक्त शमा आंटी नाही.

शमा आंटी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. मुलतानची. लग्नाआधी तिकडे मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तिचे मियाँ बाबांच्याच प्लॅटफॉर्मवर होते, म्हणजे बाबा नसत तेव्हा बहुतेक तेही नसत. तिच्या हॉलमध्ये सोफा छोटा होता आणि पुस्तकांचं कपाट मोठं. मी वाचायला शिकलो शाळेत, पण वाचणारा झालो तो त्या कपाटापुढे, फरशीवर मांडी घालून. इंग्रजी पुस्तकं मी घरी न्यायचो. उर्दू लिपी मला येत नसे, तर ती पुस्तकं ती स्वतः वाचून दाखवायची. मध्येच थांबून विचारायची, आता हा काय करेल सांग. माझं उत्तर चुकलं की तिला कोण आनंद व्हायचा!

आणि पाणी. दार उघडल्यावर तिचा पहिला प्रश्न ‘पानी पिया?’ हाच असायचा. ग्लास रिकामा झाल्याशिवाय पुस्तक मिळत नसे. बाहेर उन्हात चालायची सोय नाही म्हणून तिनेच आईला बिल्डिंगच्या जिन्यांवर चालायला लावलं होतं. दोघी संध्याकाळी वरखाली करायच्या, ही काळ्या पायघोळ अबायात, आई पंजाबी ड्रेसमध्ये, हिंदी-उर्दूची खिचडी करत आणि धापा टाकत. आईची साखर त्या वर्षी आटोक्यात आली ती औषधाइतकीच त्या जिन्यांमुळे. एवढी हुशार, एवढी हसरी, दुसऱ्याच्या तब्येतीची एवढी काळजी वाहणारी बाई मी त्यानंतर पाहिलेली नाही. हे मी आज सहज लिहितोय. तेव्हा?

तेव्हा मी तिच्याकडे जाताना आधी जिन्यात डोकावून बघायचो, वर्गातलं कुणी नाही ना म्हणून. शाळेत आमची टोळी होती. भारत-पाकिस्तान मॅचच्या आठवड्यात ‘त्या लोकां’वर सगळ्यात झोंबरे विनोद कोण करायचा, माहीत आहे? मी. दुपारी विनोद करायचे आणि संध्याकाळी त्या लोकांच्या घरी जाऊन शेवया खायच्या, पुस्तकं आणायची. त्यात मला काही विचित्रही वाटत नसे. तिची पुस्तकं मी दप्तरात तळाशी ठेवायचो. आतल्या पानावर तिचं नाव असायचं ना.

आता खरं सांगतो.

आई खाली बसली तेव्हा मी काहीही ओळखलं नाही. मी रडलो. मोठ्याने, भोकाड पसरून. ते ऐकून शमा आंटी धावत आली, डोक्यावर ओढणीसुद्धा नव्हती. तिच्या अम्मीला हाच आजार होता, तिला एका नजरेत कळलं. घरी परत गेली, मधाची बाटली घेऊन आली, आईचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या गालात बोटाने मध लावत राहिली. आई जरा डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. अँब्युलन्सला फोन तिनेच केला. वादळामुळे वेळ लागेल म्हणाले. तिने खिडकीतून बाहेर बघितलं. समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नव्हती. मग ती उठली, समोर आपल्या घरात जाऊन अबाया चढवला आणि मियाँच्या गाडीची किल्ली खिळ्यावरून काढली.

तेव्हा या देशात बायकांना गाडी चालवायची मुभा नव्हती. पकडली गेली असती तर? ती परदेशी, मियाँची नोकरी कफीलच्या, म्हणजे हमी घेणाऱ्या मालकाच्या हातात, इकामा — इथे राहायचा परवाना — गेला असता तर चंबूगबाळं आवरून सगळ्यांनाच मुलतानला जावं लागलं असतं. हे तिला माहीत नव्हतं असं समजू नका. किल्ली घेताना ती क्षणभर थांबली होती. दोन्ही दारं उघडी होती, मी बघितलं. मग परत येऊन तिने मला आईचे पाय धरायला सांगितले.

मुलतानला तिच्या अब्बांनी तिला गाडी शिकवली होती. पण तिकडे स्टिअरिंग उजवीकडे, इकडे डावीकडे. तिकडे रस्ते ओळखीचे, इकडे पुढचं काही दिसेना. तिचे हात थरथरत होते, इतके की बांगड्या वाजत होत्या. मी मागच्या सीटवर आईचं डोकं धरून रडत होतो, आणि ती आरशातून बघत सारखी म्हणत होती, ‘बात करते रहो अम्मी से, चिन्नू. रोते-रोते करो, पर करो.’ मी तिला घाबरत विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? ‘बहुत लग रही है,’ ती म्हणाली, आणि गिअर बदलला.

शूर माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. घामेजलेला असतो, थरथरत असतो आणि गाडी चालवत राहतो.

हॉस्पिटलच्या दाराशी पोचायच्या आधी ती म्हणाली, ‘कोई पूछे तो कहना टैक्सी थी.’ आईला आत नेलं, सलाईन लागलं, नर्सने धोका टळल्याचं सांगितलं. शमा आंटीने आईच्या कपाळावर हात ठेवला, मला पाणी प्यायला लावलं आणि कुणी बघायच्या आत गाडी घरी नेते म्हणून निघाली. तेवढ्याच वादळात. एकटी.

ती गेल्यावर पाटील काका-काकू आले. खफजीत मोजकीच मराठी घरं, त्यातलं हे एक. काकूंनी मला जवळ घेतलं आणि विचारलं, ‘अरे, तू एकट्याने आणलंस आईला?’

‘हो,’ मी म्हणालो.

एवढंच. बाकीची गोष्ट त्या एका ‘हो’ला ठिगळं लावत लावत झाली. गाडी कुणाची? केरळी माणसाची. साखर कुणी दिली? मी. आई शुद्धीवर आल्यावर तिने क्षीण आवाजात पहिलं विचारलं, ‘चंद्र उगवला का रे? उपास कुणी सोडवला?’ मी म्हणालो, आपल्याच डब्यातली साखर होती, आई. तिने समाधानाने डोळे मिटले.

इतकी वर्षं मी मनाशी एक बचाव घोळवत आलो. मी आंटीलाच वाचवत होतो, तिच्या गाडी चालवण्याची गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून. ऐकायला बरा वाटतो, नाही? पण तिने मला फक्त स्टिअरिंग लपवायला सांगितलं होतं. मी अख्खी बाई लपवली. टॅक्सीने आंटीबरोबर आलो, एवढं म्हणता आलं असतं. मध तिने लावला, हे सांगायला कुठल्या पोलिसाची भीती होती? मग वाटायचं, आईसाठी बोललो — सोवळं-ओवळं, त्या घरचा मध, उपास. तेही खोटं. आईला चाललं असतं. ती त्या बाईबरोबर रोज जिने चढत होती. मला चाललं नाही. काकूंनी विचारलं त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे माझी टोळी आली. याच्या आईला एका पाकिस्तानी बाईने वाचवलं, असं ते म्हणणार. आणि त्याच श्वासात दुसरंही दिसलं — मी वाचवलं, असं म्हणता येईल. लाज आणि हाव, दोन्ही एकदमच आल्या.

पुढे माझं कौतुक झालं. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी नाव पुकारलं. बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून छोटासा समारंभ केला, मला पुस्तक बक्षीस दिलं. शमा आंटी तिसऱ्या रांगेत होती. मी माझी गोष्ट सगळ्यांसमोर हिंदीत सांगितली, रस्त्यावरच्या धुळीचं वर्णन तर फारच छान केलं. ते तिनेच शिकवलं होतं मला, गोष्ट कुठे थांबवायची, कुठे दम धरायचा. टाळ्या वाजल्या. तिनेही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी भीत भीत तिच्या दारात उभा राहिलो. ती म्हणाली, ‘पानी पिया?’ आणि ग्लास पुढे केला. नवीन पुस्तक काढून ठेवलं होतं. एका शब्दाने तिने मला विचारलं नाही. आईलाही कधी काही कळू दिलं नाही. का, ते मला आजही माहीत नाही. मोठ्या मनाच्या माणसांचा हिशेब आपल्याला लागत नाही.

ती गप्प राहिली हे मी सोयीने घेतलं. चला, तिचीही हरकत नाही!

मग काही वर्षांनी बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. बिल्डिंगमध्ये दुसरा विषय नव्हता. तोवर मी बारावीत गेलो होतो. एका संध्याकाळी आई आणि आंटी जिने चढून आमच्या दारात दम खात उभ्या होत्या. मी त्यांना पाणी घेऊन गेलो. आई अगदी रंगात आली होती. तिने क्लासची चौकशीही केली होती. म्हणाली, ‘शमाभाभी, चलो ना, साथ में सीखते हैं. डरना क्या उसमें?’

आता कसलीच भीती उरली नव्हती. इकाम्याची नाही, पोलिसाची नाही. खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, आणि सांगायचं होतं ते मीच. आंटीने ग्लास घेता घेता माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही. थोडी वाट बघावी तसं. मी ट्रेकडे बघत राहिलो.

मग ती हसली आणि आईला म्हणाली, ‘ना भाभी. गाड़ी मेरे बस की नहीं. मैं तो शुरू से डरपोक हूँ.’

आई तिला धीर देत राहिली. मी तिथेच उभा होतो.