दादाच्या ड्रायव्हरमधली एक ओळ

मी इथे सहसा लिहीत नाही. आज राहवलं नाही.

दादा गेल्यापासून लिनक्स कर्नलमधला, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातला, त्याचा ड्रायव्हर मी सांभाळतो. एका जुन्या साउंड कार्डाकडून काम करून घेणारा तो छोटा प्रोग्राम आहे. कोणी त्यात बदल सुचवला की मी तपासून हो किंवा नाही म्हणतो.

आज सकाळी एका अनोळखी मुलीने बदल पाठवला. आवाज सुरू होण्याआधी क्षणभर थांबायला सांगणारी दादाची ओळ तिने काढली होती. "ही कशाला आहे? कारण लिहिलेलं नाही."

कारण मलाही माहीत नव्हतं. भावाची ओळ आहे म्हणून राहू द्या, असं काही म्हणता येत नाही.

इथे सिहोऱ्याच्या घरी तेच साउंड कार्ड असलेला दादाचा जुना लॅपटॉप आहे. त्यात तिचा बदल घातला आणि दादाने चाचणीसाठी रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज लावला.

"आयकू येते का?"

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तो माय काहून नाही म्हनला?"

"कधी?"

"आधी माय म्हनते ना बाप्पा! पुन्हा लावून पाय."

पुन्हा लावलं. पहिला शब्द पुन्हा गेला. मग दादाची ओळ परत घातली.

"माय, आयकू येते का?"

"येते ना रे," आई सुपाकडे बघतच म्हणाली.

मी त्या मुलीला कारण कळवलं. तासाभरात तिचा नवा बदल आला. ओळ तशीच होती, वर कारण लिहिलं होतं. मी मंजूर केला.

तुमच्याकडे गेलेल्या माणसाचा आवाज जपलेला आहे का? पहिल्या शब्दापासून ऐकू येतो ना, एकदा लावून बघा.